नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीस खुले पत्र: पडद्यावरही चूकदुरुस्तीला जागा द्या

प्रति,
विश्वस्त मंडळ,
नॅशनल जिऑग्राफिक सोसायटी, वॉशिंग्टन

सविनय नमस्कार.

मी पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. पत्र मराठीतच लिहिते आहे, कारण ज्या मुलांसाठी लिहायचं ती मराठीत विचार करतात आणि त्यांच्या घरच्यांनाही ते वाचता यायला हवं. तुमच्या संस्थेने तिबेटपासून पेरूपर्यंतचा मुलूख जगाला दाखवला आहे. जुन्नरच्या एका शिक्षिकेचं पत्र कोणाकडून तरी वाचून घेणं तुम्हाला अवघड जाऊ नये.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. तुमच्या नावाखाली टीव्हीवर जे दिसतं, त्यातलं प्रत्यक्ष घडलेलं किती आणि मागाहून तयार केलेलं किती, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. त्यात चूक निघाली, तर ती दुरुस्त केल्याचंही त्याच पडद्यावर कळलं पाहिजे. मासिकात तुम्ही हे केलेलं आहे. आता वाहिनीवर करा.

गेल्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत आठवीच्या वर्गात मी प्रोजेक्टरवर बिबट्यावरचा एक माहितीपट लावला होता. कोणत्या वाहिनीचा ते सांगत नाही. तो तुमचा होता असं माझं म्हणणं नाही. पडद्यावर बिबट्या झाडीच्या कडेने आला, थांबला, त्याने तोंड उघडलं आणि मोठी डरकाळी घुमली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचं घर उसाला लागून आहे. म्हणाला, "मॅडम, हा आवाज आपल्या वाघाचा नाही."

आमच्याकडे बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात. आणि त्याचा आवाज इथल्या मुलांना पाठ आहे. करवतीने ओंडका कापताना येतो तसा, खरखरीत, एकदा आत ओढलेला, एकदा बाहेर टाकलेला. रात्री तो आला की वस्तीवरची कुत्री एकदम गप्प होतात. त्या मुलाने वर्गात तो आवाज काढून दाखवला. इतर चार-पाच जणांनी त्यात सुधारणा सुचवल्या. त्यांच्यापैकी एकालाही तो कोणी शिकवलेला नव्हता.

मग मुलं कार्यक्रम बारकाईने पाहू लागली. निवेदन हिंदीत होतं. मूळ इंग्रजी बोलणं खाली दबक्या आवाजात ऐकू येत होतं. एक संशोधक बाई काहीतरी सांगत होत्या. पहिल्या बाकावरच्या मुलीने मला ते पुन्हा लावायला लावलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, त्या 'परहॅप्स' म्हणतायत. हिंदीत 'यकीनन' झालं." मी दोनदा ऐकलं. तिचं बरोबर होतं. त्या बाईंनी वर्षानुवर्षं जंगलात घालवून मिळवलेला 'कदाचित' भाषांतरात गळाला होता आणि त्याच्या जागी खात्री आली होती.

आवाज चुकला, शब्द चुकला, एवढ्यावर मी पत्र लिहिलं नसतं. पण त्याच कार्यक्रमात पुढे गावाजवळच्या बिबट्याला 'जंगल से भटका हुआ' म्हटलं होतं, आणि हे वाक्य आमच्याकडे फार महाग पडतं.

कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, आणि कोरडवाहू शिवारात ऊस उभा राहिला. ऊस वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ रानात असतो. त्यात आडोसा आहे, पाणी आहे, वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या हाताशी आहेत. बिबट्याची मादी तिथेच विते. तोडणी सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. मग वनखात्याची माणसं ती पिल्लं टोपलीत किंवा खोक्यात घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात, शेजारी कॅमेरा लावतात, आणि रात्री आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. उसात जन्मलेला, उसातच वाढलेला हा बिबट्या भटकला कुठून?

वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर परिसरातल्या बिबट्यांचाच अभ्यास केला. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इथले कितीतरी बिबटे पिंजऱ्यात धरून 'त्यांच्या घरी', म्हणजे लांबच्या जंगलात, नेऊन सोडले होते. त्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले, आणि जिथे सोडले त्या जागांच्या आसपासही हल्ले होऊ लागले. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका वयस्क नर बिबट्याला ठावठिकाणा कळवणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं, तर तो महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. त्याचं नाव 'आजोबा' ठेवलं होतं. बिबट्याला कुठे जायचं हे आपण ठरवू शकत नाही, एवढं त्या चालण्यातून जगाला कळलं.

हे सगळं माहीत असूनही गावात हल्ला झाला की पहिली मागणी 'धरा आणि जंगलात सोडा' हीच होते. माणसं गेली आहेत, लेकरं गेली आहेत. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याच्यापुढे शोधनिबंध वाचून दाखवता येत नाही, आणि मी ते कधी करणारही नाही. पण रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्या बापाने काय सावधगिरी घ्यायची, शौचाला कुठे बसायचं नाही, शेळ्या कुठे बांधायच्या, हे ज्या समजुतीवर ठरतं ती समजूत आता गावच्या पारावर कमी आणि पडद्यावर जास्त तयार होते. 'टीव्हीवर दाखवलंय' हे इथे अजून प्रमाण मानलं जातं.

आता हे तुम्हालाच का लिहिते आहे?

माझे वडील पुण्याला गेले की अप्पा बळवंत चौकातून तुमच्या मासिकाचे, पिवळ्या चौकटीचे जुने अंक घेऊन यायचे. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. घडी घातलेला नकाशा अंकातून हळूच काढून ते भिंतीला लावायचे. १९८४ च्या डिसेंबरचा मान्सूनवरचा अंक आमच्याकडे होता. त्यात पोरबंदरच्या पुरात गळ्याएवढ्या पाण्यातून शिलाई मशीन खांद्यावर घेऊन निघालेला शिंपी होता. पाऊस म्हणजे काय हे मी पाठ्यपुस्तकाआधी त्या माणसाच्या चेहऱ्यावर वाचलं. मी भूगोल घेतला तो त्या अंकांमुळे. हा प्रेमाचा हिशेब आहे, म्हणून हक्काने बोलते आहे.

१३ जानेवारी १८८८ ला वॉशिंग्टनच्या कॉसमॉस क्लबमध्ये ३३ जण जमले आणि तुमची संस्था स्थापन झाली. पहिले अध्यक्ष गार्डिनर हबर्ड वकील होते, आणि आपण शास्त्रज्ञ नाही हे त्यांनी पहिल्याच भाषणात सांगून टाकलं होतं. भूगोलाचं ज्ञान वाढवायचं आणि ते पसरवायचं, असा हेतू ठरला. या दोन कामांपैकी दुसरं पहिल्याच्या पुढे धावू लागलं की घोटाळा होतो. तुमच्या इतिहासात तो झालाही आहे. पण झाल्यावर तुम्ही काय केलंत, ते मी मुलांना दरवर्षी सांगते.

नोव्हेंबर १९९९ च्या अंकात तुम्ही 'आर्किओरॅप्टर' नावाचा जीवाश्म छापलात. चीनच्या लिआओनिंग प्रांतातून चोरट्या मार्गाने बाहेर आलेला, अमेरिकेतल्या खनिजांच्या बाजारात ८०,००० डॉलरना विकला गेलेला. डायनासोर आणि पक्षी यांच्यामधला हरवलेला दुवा म्हणून त्याचा गाजावाजा झाला. त्यावरचा निबंध नामांकित शास्त्रीय नियतकालिकांनी नाकारला होता, तरी मासिकाने वाट पाहिली नाही. महिना-दोन महिन्यांतच शू शिंग या चिनी शास्त्रज्ञाला त्याच शेपटीचा दुसरा अर्धा दगड सापडला, आणि त्या अर्ध्या दगडावर शरीर वेगळ्याच प्राण्याचं निघालं. पक्ष्याच्या धडाला छोट्या डायनासोरची शेपटी चिकटवलेली होती. तेव्हा तुम्ही एका बाहेरच्या शोधपत्रकाराला चौकशीला लावलंत, आणि ऑक्टोबर २००० च्या अंकात कोण कुठे घाईला आलं, कोणी इशारा दिला होता आणि तो कसा ऐकला गेला नाही, हे सगळं नावानिशी छापलंत. मला ते पान मूळ लेखापेक्षा मोठं वाटतं. एखादं मासिक स्वतःच्या वाचकांपुढे असं उभं राहतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

१९०९ मध्ये रॉबर्ट पिअरी उत्तर ध्रुवावर पोहोचल्याचा दावा तुमच्याच संस्थेने मान्य केला होता. १९८८ साली तुमच्याच मासिकाने ध्रुवीय प्रवासी वॉली हर्बर्ट यांना पिअरीच्या रोजनिश्या तपासू दिल्या, आणि तो बहुधा पोहोचला नसावा, हे छापलं. पुढे तुम्हीच नेमलेल्या दुसऱ्या अभ्यासगटाने पिअरीची बाजू उचलून धरली. वाद उघड्यावर झाला हे बरं झालं. १९८२ च्या फेब्रुवारीत मुखपृष्ठावर बसावेत म्हणून गिझाचे दोन पिरॅमिड संगणकाने एकमेकांजवळ सरकवले होते. तेव्हा त्याचं समर्थन केलं गेलं, नंतरच्या संपादकांनी ती चूक म्हणून कबूल केली. आणि एप्रिल २०१८ च्या अंकात तर संपादक सुझन गोल्डबर्ग यांनी आपल्याच मासिकाचं कित्येक दशकांचं लिखाण वंशभेदी होतं हे इतिहासकार जॉन एडविन मेसन यांच्याकडून तपासून घेऊन सांगितलं. १९१६ च्या अंकात ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांखाली काय ओळ छापली होती, तीही लपवली नाही.

ही सगळी उदाहरणं छापील पानांची आहेत. पानावर चूकदुरुस्तीला जागा असते, पुढच्या महिन्याचा अंक असतो, वाचक दोन्ही अंक शेजारी ठेवू शकतो. वाहिनीवर पुढचा अंक नसतो. तिथे पुनःप्रक्षेपण असतं. जुनी चूक त्याच चकचकीत आवाजात पुन्हा येते, आणि हिंदीत, तमिळमध्ये, बंगालीत गेली की तिला पकडणारं कोणी उरत नाही.

हलत्या चित्राबाबतही तुम्ही हे करू शकता, याचा पुरावा तुमच्याकडेच आहे. २०१७ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटावर उपासमारीने हाडं उरलेल्या ध्रुवीय अस्वलाचं एक चित्रण तुम्ही प्रसिद्ध केलं, आणि हवामानबदल असा दिसतो, अशा अर्थाची ओळ त्यावर घातली. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं. ते अस्वल आजारी होतं, जखमी होतं की म्हातारं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या ऑगस्टच्या अंकात तुम्ही लिहिलंत की एका विशिष्ट अस्वलाचा संबंध हवामानबदलाशी एवढ्या ठामपणे जोडण्यात आपण मर्यादा ओलांडली. हवामान बदलतं आहे हे खरं, समुद्रावरचा बर्फ घटतो आहे हेही खरं, पण त्या एका अस्वलाबद्दल आपल्याला माहीत नाही. किती सरळ वाक्य आहे! मात्र तेही छापलं गेलं मासिकात. ज्यांनी चित्रण पाहिलं त्यांतल्या कितीजणांनी मासिक उघडलं असेल?

आमच्या शेजारी खोडदला जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. दर फेब्रुवारीत राष्ट्रीय विज्ञान दिनाला ती लोकांसाठी खुली होते आणि आम्ही मुलांना घेऊन जातो. एकदा माझ्या एका विद्यार्थ्याने तिथल्या शास्त्रज्ञांना काहीतरी विचारलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे आम्हाला अजून माहीत नाही." मुलगा इतका खूश झाला की परतीच्या एसटीत तो तेच सांगत होता. मोठ्या माणसांना माहीत नसलेलं असं काहीतरी आपण विचारलं, याचा तो आनंद होता. कार्यक्रमातून 'कदाचित' काढून टाकणाऱ्यांना वाटतं की शंका दाखवली तर प्रेक्षक उठून जाईल. माझा अनुभव अगदी उलटा आहे.

बाहेरून आवाज घालायचाच नाही, असं माझं म्हणणं नाही. लांबच्या भिंगातून टिपलेल्या प्राण्याचा आवाज बहुतेक वेळा त्याच क्षणी नोंदवता येत नाही, हे आम्हाला समजतं. चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडॉल आफ्रिकेतल्या गोंबेच्या जंगलात १९६० मध्ये गेल्या. तुमच्या संस्थेने त्यांना पैसा दिला आणि १९६२ मध्ये ह्यूगो व्हॅन लाविक यांना कॅमेरा देऊन पाठवलं. त्यांनी टिपलेली शंभराहून जास्त तासांची फीत तुमच्या संग्रहात पडून होती. तिच्यातून २०१७ मध्ये एक सुंदर चित्रपट झाला. ती फीत मूक होती. जंगलाचे, चिंपांझींचे आवाज मागाहून घातले. मी तो चित्रपट तीन वेळा पाहिला आहे आणि पुन्हा पाहीन. पण सुरुवातीला किंवा शेवटी, ठळक अक्षरांत, कळेल अशा भाषेत, 'मूळ चित्रण मूक आहे, आवाज नंतर जोडले आहेत' एवढं वाचायला मिळालं, तर गुडॉलबाईंबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी होणार नाही. त्यांनी स्वतःही रानात पाहिलेलं काळजीपूर्वक नोंदवून ठेवलं.

असं सांगितलं की जादू ओसरते, हे उत्तर मी ऐकलेलं आहे. २०११ मध्ये बीबीसीच्या ध्रुवीय प्रदेशांवरच्या मालिकेत अस्वलाची नवजात पिल्लं दाखवली होती. ती प्राणिसंग्रहालयात चित्रित केली होती हे नंतर गाजलं. पिल्लं तिथे का चित्रित केली याला चांगलं कारण होतं. बर्फातल्या गुहेत कॅमेरा घुसवला असता तर आईने पिल्लांचा जीव घेण्याची भीती होती. हे कारण त्या दृश्याइतकंच वेधक आहे. मग ते दृश्याबरोबरच का सांगू नये? माझ्या वर्गात तर त्यावर एक तास सहज रंगेल.

न सांगितल्याने काय होतं त्याचंही उदाहरण आहे, आणि ते तुमच्या आजच्या भागीदाराच्या घरातलं आहे. १९५८ मध्ये डिस्नेच्या एका माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून सामूहिक आत्महत्या करताना दाखवले होते. त्याला ऑस्कर मिळालं. प्रत्यक्षात ते प्राणी दुसरीकडून विकत आणून, जिथे ते राहतच नाहीत अशा अल्बर्टात नेऊन, माणसांनी ढकललेले होते. कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीने १९८२ मध्ये हे उघड केलं. तरी आजही जगभर लोक लेमिंग जीव देतात असंच समजतात. चोवीस वर्षांनी झालेली दुरुस्ती चुकीला गाठू शकली नाही.

२०१५ मध्ये तुम्ही मासिक, वाहिन्या आणि बाकीचा व्यवसाय एका नव्या कंपनीत घातलात, तिच्यातले ७३ टक्के ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी फॉक्सला दिलेत, २७ टक्के स्वतःकडे ठेवलेत आणि ७२ कोटी ५० लाख डॉलर घेतलेत. २०१९ मध्ये फॉक्सचा तो वाटा डिस्नेकडे गेला. त्या पैशातून संशोधकांना अनुदानं मिळतात, हे चांगलंच आहे. पण आठवीतल्या मुलाला ७३ आणि २७ दिसत नाहीत. त्याला कोपऱ्यात पिवळी चौकट दिसते. त्या चौकटीत तुमचं सगळं नाव आहे, सत्तावीस टक्के नाव नाही. म्हणून भागीदाराकडे बोट दाखवून चालणार नाही.

काय करता येईल ते मी शिक्षिकेच्या बुद्धीने सांगते, तुमच्याकडे याहून चांगली माणसं आहेत. नकाशाला सूची असते, तशी पडद्याला असावी. कोपऱ्यात एक लहानशी खूण: हे जंगलातलं, हे पाळलेल्या प्राण्याचं, हे स्वयंचलित कॅमेऱ्याचं, हे संगणकावर केलेलं, आवाज नंतरचा. आमची मुलं नकाशाच्या खुणा पाचवीत शिकतात, या अर्ध्या तासात शिकतील. मोबाइलवर आता बिबट्याचे बनावट व्हिडिओ रोज फिरतात, यंत्राने बनवलेले, आणि एका व्हिडिओने अख्खी वस्ती रात्रभर जागी राहते. अशा वेळी खरं काय याची खूण कोणीतरी लावायलाच हवी. ती लावण्याचा अधिकार १८८८ पासून नकाशे काढणाऱ्यांना नाही तर कोणाला?

प्रत्येक कार्यक्रमाचं चूकदुरुस्तीचं पान असावं, आणि जुना कार्यक्रम पुन्हा लागला की त्याआधी दोन ओळींत ती दुरुस्ती दिसावी, ज्या भाषेत कार्यक्रम असेल त्या भाषेत. भाषांतर झालेली संहिता एकदा तरी त्या संशोधकाच्या किंवा त्या भागातल्या जाणकाराच्या नजरेखालून जावी, निदान 'कदाचित' आणि 'नक्की' यांच्यासाठी. बिबट्यावरचं मराठी किंवा हिंदी निवेदन असेल तर आमच्या ओतूर-नारायणगावच्या वनरक्षकांना ऐकवा. ते तुम्हाला दहा मिनिटांत सांगतील कुठे चुकलं.

मी हे पत्र लिहिते आहे हे वर्गाला सांगितलं तेव्हा त्यांनी एक प्रश्न सोबत द्यायला सांगितला. तुमच्या संग्रहात खऱ्या बिबट्याच्या खऱ्या आवाजाचं, जागा आणि तारीख लिहिलेलं ध्वनिमुद्रण आहे का? असेल तर त्यांना ते ऐकायचं आहे, आणि इथल्या आवाजाशी ताडून पाहायचं आहे. नसेल तर ते म्हणतात, आम्ही करून पाठवतो. नोव्हेंबरमध्ये तोडणी सुरू होईल. घराच्या ओट्यावरून, मोठ्या माणसांच्या सोबतीने, वनखात्याला विचारूनच करू, ही जबाबदारी माझी.

उत्तर इंग्रजीत आलं तरी चालेल. वर्गात मी ते मराठीत सांगेन, आणि त्यात जिथे जिथे 'परहॅप्स' असेल तिथे 'कदाचित'च म्हणेन.

आपली,
एक भूगोल शिक्षिका
तालुका जुन्नर, जिल्हा पुणे